जांभ्याच्या सड्यावर वनस्पतिविविधता कशी अभ्यासावी

सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची, म्हणजे तांबड्या कातळाची, पठारे आणि कोकणातले सडे, म्हणजे तिथली तशीच उघडी पठारे, पाहताना फुलांआधी जमीन पाहावी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसॉल्ट हा काळा खडक उष्ण, दमट हवेत झिजत गेला आणि त्यावर जांभ्याचा कठीण थर तयार झाला. पुढे ओढ्या-नद्यांनी तो कापून काढल्यामुळे पठारे एकमेकांपासून तुटली. त्यामुळे निघण्यापूर्वी उपग्रह नकाशावर आपल्या पठाराची उंची आणि शेजारच्या पठारापासूनचे अंतर नोंदवून घ्यावे.

एकाच ठिकाणी पावसाळ्यात निदान दोनदा जावे. रत्नागिरीकडील दीपकाडी पहिल्या पावसानंतर कंदातून वर येऊन लगेच फुलते, त्यामुळे केवळ सप्टेंबरचा बहर पाहणाऱ्याला ती भेटत नाही. 

पठारावर उघडा कातळ, डबकी, मातीचा पातळ थर आणि कडेची खोल माती असे भाग पाडावेत आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीने मातीची खोली मोजावी; बोटभर फरकानेही वनस्पती बदललेल्या आढळतात. पातळ, ओल्या मातीत नायट्रोजनची वानवा असल्याने तेथे कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. त्यांपैकी ‘सीतेची आसवे’ या वनस्पतीचे सूक्ष्मजीव पकडणारे फुगे मातीत दडलेले असतात. ते पाहण्यासाठी रोप उपटू नये, त्याऐवजी ‘दवबिंदू’ या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरील केसांच्या टोकांचे चिकट थेंब आणि त्यांत अडकलेले चिलट भिंगातून पाहावे.

खरा अभ्यास तुलनेत आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या परिसरातील डबक्यांत वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, वाढतो, तर कोकणातील सड्यांवर त्याच प्रजातीतली (जीनसमधली) अपोनोजेटॉन ब्रुगेनी ही वेगळी जाती आढळते. अशा जोड्यांची पाने, फुलोरे, बहराचा काळ आणि पाण्याची खोली शेजारी-शेजारी लिहावी. मात्र एवढ्यावरून पठारे तुटल्यामुळेच जाती वेगळ्या झाल्या, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. उंची, पाऊस किंवा बियांचा दूरवरचा प्रवास हीही कारणे असू शकतात आणि नाते ठरवायला डीएनएचा पुरावा लागतो.

जवळ बंद पडलेली चिरेखाण असल्यास, पाणी साचलेले खड्डे टाळून, तिचा तळही याच पद्धतीने नोंदवावा. जांभा काढल्यावर तेथे सड्यावरच्या कोणत्या जाती परतल्या आणि कोणत्या नाहीत, ही यादी स्वतंत्र ठेवावी.