इंजिन वाजतंय? खोलायच्या आधी या चुका टाळा

"मिस्त्री, जरा ऐका हो, इंजिन वाजतंय." असं म्हणत बोनेट उघडणारं गिऱ्हाईक बरेचदा अर्धं काम बिघडवूनच आलेलं असतं. गाडी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ नाहीतर टाटा ४०७. मीटर अडीच-तीन लाख किलोमीटरच्या पुढे. आणि आवाज बंद व्हावा म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजिनात काहीतरी जाड ओतलेलं.

पहिली चूक तीच. १५डब्ल्यू-४० ऑइल चालणाऱ्या इंजिनात त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलं, वर बाटलीतलं औषध टाकलं, की ठोका दबतो हे खरं. बेअरिंग आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) यांच्यात वाढलेली फट जाड ऑइलनं बुजते. पण झिजलेला धातू काही परत येत नाही आणि सकाळी थंड इंजिनात हेच ऑइल वर, वॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. म्हणजे खालचा आवाज झाकायला वरचे पार्ट कोरडे फिरवायचे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर भलतं ऑइल आणखी महाग पडतं. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर फिल्टर लवकर चोंदतो.

आवाज कसा आहे हे सांगायला लोक तोंडानं खट-खट, टक-टक करून दाखवतात. मी विचारतो, येतो कधी? सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर ऑइल वर चढेपर्यंतचा तो आवाज आहे. स्वस्तातला फिल्टर बसवला असेल तर आधी तो बदला. ऑइल मागे उतरू न देणारी रबरी झडप त्यात धड नसते. कधी टायमिंग चेनचा टेन्शनरही ढिला निघतो. थंड असताना वाजतंय आणि गरम झाल्यावर कमी होतंय, तर बहुधा पिस्टन बोअरमध्ये हलतोय. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालताना मी पाहिल्यात. याच्या उलट, गरम झाल्यावर वाढणारा, यवतेश्वरचा घाट चढताना लोड पडला की खालून येणारा जड ठोका म्हणजे बिग एंड बेअरिंग, पिस्टनचा रॉड क्रँकला जिथं जोडतो तिथलं. गरम ऑइल पातळ होतं, प्रेशर उतरतं, म्हणून तो तेव्हाच उघडा पडतो.

क्लच दाबून बघायला मात्र कुणालाच आठवत नाही. एका एसयूव्हीला दुसऱ्या गॅरेजात हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग खोलून करायचा, खर्च सांगितला होता. मालक माझ्याकडे आला तो चेहरा पाडूनच. आयडलला क्लच दाबायला सांगितला, आवाज गप्प. सोडला, पुन्हा सुरू. खराब होतं ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधलं झटके झेलणारं दोन भागांचं जड चाक. तोही पार्ट स्वस्त नाही, पण निदान चांगलं इंजिन तरी खोललं गेलं नाही. तुटका इंजिन माउंट, बेल्टचा टेन्शनर, सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा हेही याच जातीचे चोर. लांब पेचकसाची मूठ कानाला लावून टोक एकेका जागी टेकवा, चोर सापडतो. फक्त पंख्यापासून हात आणि गळ्यातला टॉवेल लांब ठेवा.

वॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटचा आवाज बारीक असतो आणि क्रँकच्या निम्म्या वेगानं येतो, कारण वॉल्व्ह चालवणारी कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरते. तो अजिबातच नको म्हणून काही जण टॅपेट गरजेपेक्षा टाइट करायला लावतात. मग वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गॅस फटीतून निसटतो आणि वॉल्व्ह जळतो. फट मोजायच्या पातळ पट्ट्या (फिलर गेज) लावून कंपनीनं दिलेलं अंतरच ठेवा. त्यावर थोडं टिकटिकलं तर टिकटिकू द्या.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलचा पाइप एकेक करून ढिला करायची आणि कोणत्या सिलिंडरला ठोका थांबतो ते बघायची रीत आहे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं तिथं, हे चुकूनही करू नका. तिथं डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं. ती धार कातडीतून आत शिरते, आणि वरून टाचणीएवढी जखम दिसली तरी जिवावर बेतू शकतं. अशा गाडीला स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करून बघतात.

ऑइलचा लाल दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ. तो दिवा लेव्हल सांगत नाही, आणि प्रेशर जवळजवळ संपल्यावरच पेटतो. ऑइल मोजायची गेजची पट्टी काढून, पुसून, परत घालून बघा. लेव्हल न भरता वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर गळतोय नाहीतर डीपीएफ साफ होताना डिझेल खाली उतरतंय. असं पातळ ऑइल बेअरिंग खातं. संशय असला की जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेला. चकाकी चुंबकाला चिकटली तर ते पोलाद, कुठलं ते शोधावं लागेल.

खंबाटकी घाट पाचव्या गिअरमध्ये, हजार-बाराशे आरपीएमवर रेटत चढवणाऱ्यांना डिझेल वाचवल्याचं समाधान मिळतं. सगळा मार बेअरिंगवर बसतो.

खालचा ठोका पक्का झाला की किल्ली बंद करा आणि टोचन मागवा. वेळेत थांबलात तर क्रँक पाव मिलिमीटर ग्राइंड करून, त्या बारीक झालेल्या क्रँकच्या मापाच्या अंडरसाइज बेअरिंगवर भागू शकतं. टोचनचे पैसे वाचवायला एकानं कराडहून साताऱ्यापर्यंत पन्नास किलोमीटर गाडी तशीच हाणली. गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर ती बंद पडली. जाऊन बघितलं तर ब्लॉकला मुठीएवढं भोक होतं, आणि त्यातून रॉड दिसत होता.