पाठीतलं पाणी तपासताना या चुका टाळा

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, कमरेत सुई घालून काढून तपासायला सांगतात आणि घरच्यांचा धीर सुटतो. पाय लुळे पडतील ही भीती. मग गावाहून मोठे काका येईपर्यंत सही लांबते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. तिथे पाण्यात सुट्या नसा असतात, त्या सहसा बाजूला सरकतात. पायात करंट लागल्यासारखं झालं तर दचकून हलू नका, कुठल्या पायात ते सांगा. काढलेलं पाणीही काही तासांत भरून निघतं, कारण दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या लपवू नका. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर आधीच सांगा, विचारायची वाट पाहू नका.

खरा घोळ होतो तो काढलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा. बऱ्याच ठिकाणी त्या नातेवाइकाच्या हातात देऊन ‘लॅबला नेऊन द्या’ म्हणतात. मग वाटेत बिलाची रांग लागते, फोन येतो आणि बाटल्या खिशातच राहतात. पाण्यातल्या पेशी लवकर फुटू लागतात, म्हणून तासाभराच्या आत त्या लॅबमध्ये पोचायलाच हव्यात. कल्चरची (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची) बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, काही जंतू गारव्याने मरतात. आणि त्याच सुमारास रक्तातली साखरही तपासली का, हे जरूर विचारा. पाण्यातली साखर साधारण रक्ताच्या दोन तृतीयांश असते. पाण्यात ५० आली आणि रक्तात ८० असेल तर ठीक, पण मधुमेहाच्या पेशंटच्या रक्तात ३०० असताना तीच ५० फार कमी ठरते. रक्ताचा आकडाच नसेल तर हे कळणार कसं?

टीबीची शंका असेल तर डॉक्टर जास्त पाणी काढतात, त्याला हरकत घेऊ नका. जंतू मोजकेच असतात, थोड्या पाण्यात सापडत नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असंही धरू नका. डॉक्टरांनी सुरू केलेली औषधं रिपोर्ट पाहून स्वतः बंद करू नका.

नंतर दिवसभर उशीशिवाय उताणं झोपवल्याने डोकेदुखी टळते, हा समज जुना झाला. फरक पडतो तो सुईने. बारीक, पेन्सिल-पॉइंट (पेन्सिलीसारख्या टोकाची) सुई मिळेल का, हे आधी विचारा. उठून बसलं की दुखणारं आणि आडवं झालं की थांबणारं डोकं बहुधा आठवड्याभरात बरं होतं. फारच त्रास असेल तर पेशंटचंच थोडं रक्त पाठीत टोचून, सुईच्या छिद्रातून होणारी पाण्याची गळती बंद करता येते. मात्र पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा ताप नव्याने चढला तर सकाळची वाट न पाहता, रात्रीच हॉस्पिटल गाठा.