अंटार्क्टिकाच्या ओझोनचं गणित मांडताना या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला तरी तुमच्या बॉक्स मॉडेलमधला (हवेची एकच पेटी धरून केलेल्या संगणकी गणितातला) ओझोन घटत नसेल, तर आधी ओझोन नष्ट करणारं अभिक्रियांचं चक्र तपासा. क्लोरीन मोनॉक्साइड आणि सुटा ऑक्सिजन अणू यांचं नेहमीचं चक्र ४० किलोमीटरच्या आसपास जोरात चालतं. ध्रुवावर १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ऊन तिरपं, सुटे ऑक्सिजन अणू नगण्य. तिथे क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जुळून डायमर बनतो, तो उन्हात फुटतो आणि क्लोरीनचे दोन्ही अणू पुन्हा ओझोनला भिडतात. डायमर बनण्याचा वेग संहतीच्या वर्गाप्रमाणे बदलतो: क्लोरीन मोनॉक्साइड निम्मं धरलंत, तर वेग पाववर येतो. सुरुवातीचा आकडा अंदाजपंचे घालून चालत नाही तो यामुळेच. ब्रोमीन अगदी थोडं असतं म्हणून गाळू नका. अणूमागे ते क्लोरीनच्या सुमारे ६० पट ओझोन नष्ट करतं.

एककांत हमखास घोळ होतो. ५० हेक्टोपास्कल आणि १९० केल्विनला एका घन सेंटीमीटरात हवेचे सुमारे १.९ गुणिले १० चा १८ वा घात इतके रेणू असतात, म्हणजे १ पीपीबी (अब्ज भागांत एक भाग) म्हणजे १.९ अब्ज रेणू. जमिनीलगतची घनता तशीच राहिली, तर आकडा १३ पट फुगतो.

क्लोरीन मोकळा होतो तो या पट्ट्यातल्या कडक थंडीत बनणाऱ्या ढगांवर. त्या ढगांसाठी एकच तापमान सगळ्या उंचींना लावू नका. नायट्रिक आम्लाच्या स्फटिकांना लागणारे १९५ आणि बर्फाला लागणारे १८८ केल्विन हे साधारण ५० हेक्टोपास्कलचे आकडे. दाब बदलला की तेही सरकतात. स्फटिक नसले तरी आम्लांचे थंडगार द्रव थेंब हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट यांच्यातून क्लोरीन मोकळा करतात. मोठे कण खाली बसतात, तेव्हा नायट्रिक आम्लही सोबत जातं. मॉडेलमध्ये ते वरच अडकलं, तर वसंतातल्या उन्हात त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, क्लोरीन मोनॉक्साइडला पुन्हा क्लोरीन नायट्रेटमध्ये बांधतो आणि ऱ्हास लवकर थांबतो. अंटार्क्टिकाच्या बाबतीत सर्वात महाग पडणारी चूक हीच.

सूर्याचा खमध्य कोन (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन) ९० अंश झाला की प्रकाश बंद, असंही लिहू नका. २० किलोमीटरवरून सूर्य सुमारे ९४ अंशांपर्यंत दिसतो. रात्री मोजलेलं क्लोरीन मोनॉक्साइड कमी दिसलं, तर सक्रिय क्लोरीन संपलं असं धरू नका. ते डायमरमध्ये असतं. हिशेबात डायमर दुपटीने मिळवा.

आकडे उधळत असतील, तर गणित किती वेळाच्या पायरीने पुढे जातं ते पाहा. ओझोन ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) असताना क्लोरीन अणू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. मिनिटाच्या पायऱ्यांनी साधी ऑयलर पद्धत (आताच्या वेगावरून थेट पुढचा आकडा काढणारी) इथे टिकत नाही. अव्यक्त पद्धतच (पुढच्या क्षणाचा वेग धरून समीकरण सोडवणारी) वापरा.