मराठवाड्याच्या उन्हात बकेटीतलं कंपोस्ट कसं करायचं

घरच्या कंपोस्टचे बहुतेक व्हिडिओ मुंबई-पुण्याकडचे, त्यामुळं सगळे वासावरच बोलतात. आपल्याकडं लातूर-बीडला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, तिथं खरा त्रास म्हणजे कचरा सडायच्या आधी वाळूनच जातो आणि मग महिनोन् महिने तसाच पडून राहतो.

तर पेंटची एक रिकामी २० लिटरची बकेट घ्या, चांगली धुवून बुडाला आणि अंगाला भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाईल. जागा पूर्ण सावलीची, पश्चिमेची भिंत तर नकोच, दुपारनंतर लई तापते. फुटका रांजण असला तर बकेटीपेक्षा भारी, मातीचा असल्यानं आत थंड राहतो, फक्त ओल बाहेर पडते म्हणून पाणी जरा जास्त लागतं.

बुडाला तुराट्या मोडून टाका. वर मेथीच्या काड्या, साली, चहाचा चोथा (साखरेचा असेल तर धुवून, नाहीतर मुंग्या) बारीक करून टाका आणि दरवेळी एक वाटी ओल्यावर दोन वाट्या कोरडं, म्हणजे सोयाबीनचं भुसकट नाहीतर कडुलिंबाचा वाळका पाला. सुरुवातीला शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. तेलकट भाजी, लोणचं, मटणाची हाडं नको.

आता ओल. मूठभर घेऊन दाबायचं, हाताला ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळायला नको. कोरडं वाटलं तर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडा, नळ चार-आठ दिवसांनी येणाऱ्या गावात त्यासाठी प्यायचं पाणी कोण घालणार! उन्हाळ्यात वर ओलं पोतं टाका. पावसाळ्यात उलटं, झाकण लावा अन् भुसकट वाढवा. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, एवढंच. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुतेक कचराच खातात, झाडाला सहसा काही करत नाहीत.

आठवड्यातनं एकदोनदा काठीनं खालीवर करा. बकेट भरली की नवीन कचरा टाकणं बंद, मग दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत होतं. चाळून कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती. आपली काळी माती वाळली की भेगा पडून दगड होते, ती यानं मोकळी राहते अन् पाणीही धरते. चाळणीवर उरलेला जाडा भाग पुढच्या बकेटीला विरजण म्हणून टाका, मग ताकाची गरज नाही.