फिश टँकचा लाकडी स्टँड आणि हूड घरी कसा करावा

आधी वजनाचं बोलू. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक काठोकाठ भरला तर त्यात १९० लिटर पाणी बसतं, म्हणजे १९० किलो. त्यात काच आणि खालची रेती धरली की सगळा ऐवज अडीचशे किलोच्या घरात जातो. त्यामुळे 'जुनं टीव्हीचं टेबल पडलंय की, त्यावरच ठेवू' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. घर माळवदाचं असेल तर टँक वरच्या मजल्यावर नेऊच नका. खालीच ठेवा, भिंतीलगत, उन्हाच्या तिरिपीपासून लांब.

लाकूड वाळलेलं हवं, ही एकच अट. सागवान परवडलं तर उत्तम, नाहीतर पाइन चालतं. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास यंत्रांच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, फक्त त्यातले खिळे आधी काढा. बाभळीच्या नादी लागू नका. औताला, बैलगाडीला ती ठीक आहे, पण घरगुती हत्यारांना दाद देत नाही आणि वाळताना तडकते. वखारीतून आणलेलं लाकूड लगेच कापू नका. दोन-तीन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा. श्रावणात घेतलेलं ओलं लाकूड आपल्याकडच्या एप्रिलमध्ये काय रंग दाखवतं ते ज्याच्या घरची दारं आक्रसली आहेत त्याला सांगायला नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड भाराच्या कामाला बाद. पाण्याचे चार थेंब आत गेले की ते फुगतं आणि पुन्हा बसत नाही. प्लाय घ्याल तो आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या.

मापं सोपी आहेत. दोन बाय तीन इंचाच्या पट्ट्यांच्या दोन चौकटी, एक वर, एक खाली, आणि मध्ये चार पाय. उंची तीस इंच पुरे. चारही पाय एकत्र बांधून एकदमच कापा. चौकटीत तीन इंचाची बाजू उभी ठेवा. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, बाजूने स्क्रूला टांगलेली नको. भार लाकडाने लाकडावर द्यायचा, स्क्रूचं काम फक्त जागेवर धरून ठेवण्याचं.

आता खरी गोम. चौकटीतला पीळ.

माझी सगळ्यात जास्त झटापट इथेच झाली आणि बहुतेक मिस्त्री नेमकं हेच हसण्यावारी नेतात. गुण्या लावला, काटकोन आला, दोन्ही कर्ण सारखे भरले की त्यांच्या लेखी काम झालं. पण चौकट गुण्यात असूनही पिळलेली असू शकते. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. काचेला मात्र बरोबर कळतं. टँकचा तळ तीन कोपऱ्यांवर टेकतो, चौथ्या बाजूचा सगळा ताण खालच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. त्याच दिवशी काही होत नाही, म्हणून तर माणूस फसतो. महिन्यांनी कधीतरी कोपरा पाझरायला लागतो.

पीळ बघायला महागडं काही लागत नाही. दोन दोरे घ्या. एक या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणा, दुसरा उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये. दोरे चौकटीच्या वरच्या पृष्ठभागाला टेकूनच निघाले पाहिजेत. मध्ये जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे जेमतेम स्पर्श झाला पाहिजे. मध्ये फट दिसली तर पीळ आहे. वरचा दोरा खालच्याला दाबत असेल तरीही पीळच आहे. दोऱ्यांची जागा बदला, फट उघडी पडेल. आणि हे लक्षात ठेवा: मध्ये जेवढी फट, एखादा कोपरा त्याच्या दुप्पट वर किंवा खाली असतो. मध्ये अर्धा सूत म्हणजे कोपऱ्याला एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर. काचेसाठी हे पुष्कळ झालं.

पीळ येतो तो जोडताना. अंगणात, खडबडीत कोब्यावर चौकट टाकून फेविकॉल लावला आणि क्लॅम्प पिरगाळले की कोब्याचा खड्डा चौकटीत उतरलाच. मी चौकट स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर जोडतो. घरचे कुरकुरतात, पण अख्ख्या घरात खात्रीची सपाट जागा तेवढीच असते. खाली वर्तमानपत्र, वर धान्याचा डबा आणि रात्रभर हात लावायचा नाही. क्लॅम्प सांधा मिटेपर्यंतच आवळा. जोर लावून मिटवलेला सांधा क्लॅम्प सोडला की आपल्या मूळ स्वभावावर जातो.

फेविकॉल वाळल्यावर थोडा पीळ राहिला तर वर आलेले दोन तिरपे कोपरे रंध्याने उतरवा. चार हात मारा, दोरे ताणा, पुन्हा चार हात. मध्ये रंधा मारू नका, नाहीतर पट्टीत खळगा पडतो. दोऱ्यांमधली फट एका सुतापेक्षा जास्त असेल तर रंधा ठेवून द्या, सांधा उघडा आणि परत जोडा.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: 'खाली थर्माकोल टाका, सगळं बसतंय.' थर्माकोल रेतीचा कण गिळतो, पिळलेली चौकट नाही. तळाला नुसती काच असलेल्या टँकखाली तो जरूर टाका, पण चौकट सरळ झाल्यावर. तळाला प्लॅस्टिकची किनार असलेल्या टँकखाली थर्माकोल टाकूच नये. दुसरा सल्ला: 'पाणी भरलं की वजनानं स्टँड बसतो ओ.' बसतो, पण काचेच्या जिवावर. खात्री करायची तर थर्माकोल न टाकता रिकामा टँक चौकटीवर ठेवा आणि चारही कोपऱ्यांत लग्नपत्रिकेचा जाड कागद सारून बघा. कुठेही आत जायला नको.

पाठीमागे १२ मिलिमीटरचा प्लाय फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट मारा. तो नसेल तर स्टँड बाजूला डुलतो.

शहाबादी फरशी क्वचितच लेव्हलमध्ये असते. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन जागेवर बघा आणि पाचर पायाखाली मारा, टँकखाली कधीच नाही. पाचर प्लॅस्टिकची किंवा कडक लाकडाची. पुठ्ठ्याची घडी फरशी पुसतानाच्या पाण्याने भिजून चेपते. पायांचे तळ रंगाचे दोन-तीन हात देऊन बंद करा. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात.

हूड म्हणजे १२ मिलिमीटर प्लायची हलकी, बिनतळाची पेटी. उंची दहा इंच, पुढे लांब बिजागरीवर उघडणारी फळी, आत पट्ट्या मारून काचेच्या काठावर टेकवलेली. सगळीकडून एक सूत मोकळी ठेवा. आतून पांढरा एनामेल, प्लायच्या कडांसकट. मागची बाजू उघडीच हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो तेव्हा बंद हूडखाली मासे शिजायला वेळ लागत नाही. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर फिरवला तर कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कूलरचंच तत्त्व. पण तेवढं पाणी उडतंही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात हा हिशोब धरावा लागतो. म्हणून टँकवर काचेची पट्टी ठेवा आणि ती फक्त उन्हाळ्यात काढा. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतत राहिलात तर क्षार साचत जातात. भर घालायला आरओचं शुद्ध पाणी घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र टँकमध्ये नको, क्षार त्यात आणखी जास्त असतात.

वायरी बोर्डात घालण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. बोर्ड स्टँडच्या आत वरच्या बाजूला, तळाशी नाही.

भरताना आधी अर्धाच भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी चारही कोपऱ्यांत पाण्यापासून काचेच्या काठापर्यंत मोजा. एक अख्खी बाजू सूतभर कलली असेल तर टँक रिकामा करून त्या बाजूच्या पायांखाली पाचर. भरलेला टँक पहारीने उचलून पाचर ढकलणारे महाभाग असतात, त्यांना हातभार लावायला जाऊ नका. एकच कोपरा वेगळं माप देत असेल तर मात्र पाचर नको. टँक रिकामा करून खाली उतरवा आणि पुन्हा दोरे घ्या.