चीनमधून फवारणी पंप मागवायचे तर

‘चायना माल म्हणजे चार दिवसांचा,’ असं आमच्या यवतमाळकडे सर्रास बोलतात. २०१७ साली जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा बोट चायना पंपांकडेही गेलं. माझं कृषी साहित्याचं दुकान आहे आणि पंप मी चीनमधूनही मागवतो. माझं म्हणणं एवढंच, की चिनी कारखानदार तुम्ही द्याल त्या पैशाचा माल बनवतो. भाव घासत गेलात की टाकीचं प्लास्टिक पातळ होतं, वायसर हलकं येतं, आणि औषध मजुराच्या पाठीवर गळतं.

२०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली, तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, शत्रूचा माल कशाला विकता? तो राग खरा आहे, त्यावर मी वाद घालत नाही. देशी पंप शेजारी ठेवतो आणि कुठला कुठे बनला ते सांगतो. घेणाऱ्यानं ठरवावं.

आधी आयात-निर्यात कोड काढा. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो, पॅन हाच नंबर. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. कस्टमचं काम एजंटवर सोपवा.

मग नमुना मागवा, आणि इथं घाई नको. टाकीत १६ लिटर साधं पाणी भरा, पाठीवर कोरडं पांढरं फडकं बांधा, पंप चढवा आणि टाकी रिकामी होईस्तोवर कपाशीच्या तासातून चाला. झाकण, नळीचा जोड, खालचा नट, कुठून पाणी येतं ते फडकं सांगतं. ओलं झालं तर त्याचा फोटो कारखानदाराला पाठवा. ‘क्वालिटी गुड पाहिजे’ असं लिहून काही होत नाही. टाकीची जाडी मिलिमीटरमध्ये, मोटरचे व्होल्ट, गास्केट कशाचं, सगळं ऑर्डरच्या कागदावर यायला हवं. समोरचा ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला तरी फोटो मागायचाच. त्यांना याचा राग येत नाही. नेमकं मागणारा गिऱ्हाईक त्यांनाही सोपा जातो. चिनी नावात आडनाव आधी येतं, तेव्हा वांग वेई यांना मिस्टर वांग म्हणा.

पैसे साधारण ३० टक्के आगाऊ, बाकी ७० माल तयार झाल्यावर. ते ७० तिऱ्हाईत माणसाकडून माल तपासल्याशिवाय सोडू नका. खातं कंपनीच्याच नावाचं हवं. मध्येच ‘खातं बदललं’ असा मेल आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा.

जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष येतं, कारखाने बंद होतात आणि परतलेल्या कामगारांचा हात बसायला वेळ लागतो. म्हणून ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्या. माल मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात उतरून मे महिन्यात दुकानात पाहिजे. त्याच ऑर्डरमध्ये वायसर, गास्केट आणि नोझल जास्तीचे मागवा. ऐन श्रावणात ते मापाचे इथं मिळत नाहीत.