काइटबोर्डिंग: वाऱ्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

काइटबोर्डिंग म्हणजे कमरेला दोऱ्यांनी मोठा पतंग अडकवून, त्याच्या ओढीने पायाखालच्या फळीवरून पाण्यावर घसरत जाणं. मी ते शिकवतो. मार्च लागला, दुपारचे खारे वारे जोर धरू लागले, की माझ्याकडे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, बारा मीटरची काइट घेऊ की नऊची?" (म्हणजे चौरस मीटर, कापडाचं क्षेत्रफळ.) अडचणीत ती अंगापासून सोडायची कशी, हे विचारणारा अजून भेटायचाय. मग मे महिन्यात त्यांच्यातल्याच कुणाचा तरी हात गळ्यात बांधलेला फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'वारा एकदम वाढला.' दरवर्षी त्याच महिन्यांत आणि त्याच वेळेला वाढतो तो. बिचाऱ्याने आणखी किती आगाऊ कळवायचं?

काइट डोक्यावर धरून वाळूवर उभं राहणं

माझ्या पाहण्यातले बरेचसे अपघात पाण्यात झालेलेच नाहीत. ते कोरड्या वाळूवर, निघायच्या आधीच्या दोन मिनिटांत झाले आहेत. काइट थेट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवली की ओढ कमी लागते, हात सैल पडतो, माणूस गप्पा मारायला लागतो. पण ती तिथे असताना झोत आला तर माणसाला सरळ वर उचलते. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १५ नॉटचे (ताशी साधारण २८ किमी) २१ झाले की जवळपास दुप्पट, ३० झाले की चौपट. २००८ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडावर 'फे' वादळ येत असताना फोर्ट लॉडरडेलला एक काइटबोर्डर असाच उचलला गेला, आधी वाळूवर आपटला आणि मग रस्त्यापलीकडच्या इमारतीवर. वाचला, नशीब त्याचं. तो व्हिडिओ जगभर फिरला. आपली पोरं तो हसत हसत बघतात.

आपल्याकडे त्यासाठी चक्रीवादळ लागत नाही, वळीव पुरतो. १३ मे २०२४ ची दुपार आठवा. धुळीच्या वादळात घाटकोपरला छेडानगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते.

असाच मेमधला एक रविवार, अलिबागच्या बाजूचा एक किनारा. नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. पोरगा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आलेला, नवीकोरी बारा मीटरची काइट, हेल्मेट गाडीत. मावसभावाने काइट सोडून दिली, ती वर गेली, आणि हा कोरड्या वाळूवर उभा राहून फोटो काढून घेत बसला. मागे नारळींच्या वर, सह्याद्रीच्या बाजूला आभाळ काळं झालेलं. तेवढ्यात समुद्रावरचा वारा पडला. एकदम पडला. होडीच्या सावलीत जाळं विणत बसलेले काका ओरडले, "ए पोरा, उतरव ते! वारा पडला!" याचं उत्तर, "काका, दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटंच त्याच्या हातात होती. काइट लटपटत खाली यायला लागली, याने ती सावरायला बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, आणखी ओढला, आणि जमिनीकडून गार झोत आला. माणूस एक मजला वर गेला असेल. खाली आला तो वाळूवर ओढलेल्या होडीच्या कडेवर. गळ्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं. त्याला गाडीत घातल्यावर मी त्याचा क्विक रिलीज, म्हणजे ढकलला की काइटची ओढ तोडणारा खटका, हाताने ढकलून पाहिला. पहिल्याच ढकलण्यात सुटला. सामानात काहीही दोष नव्हता.

संक्रांतीला गच्चीवर आपण खेचायला शिकतो, घाबरलो की आणखी खेचतो. काइटचा बार मोटरसायकलच्या मुठीसारखा आहे, ओढाल तेवढा जोर. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पाण्यात उतरवण्याआधी वाळूवर बसवून, डोळे मिटायला लावून हेच करायला लावतो: बार सोड, क्विक रिलीज ढकल, तरीही ओढ राहिली तर सेफ्टी लीश, म्हणजे काइटला अंगाशी बांधून ठेवणारी शेवटची दोरी, सोड. पुन्हा. पुन्हा. ज्याला याचा कंटाळा येतो त्याला मी शिकवत नाही, त्याने यूट्यूबकडे जावं. हवेत उचलल्यावर विचार करायला वेळ नसतो. सोडायची वेळ वारा पडतो तेव्हाची असते.

आणि काइट वर गेली की पाण्याकडे चालू लागायचं, कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर बाकीचं. वाळूवर असताना ती खाली, पाण्याच्या बाजूला ठेवायची. ती तिथे असताना झोत आला तर फार तर फरपटत पाण्यात नेईल. फोटो खाली उतरवलेल्या काइटसोबत काढा, रंग चांगले दिसतात.

भरतीचा हिशोब न करणं

ही मुंबईकरांची खास चूक. वाऱ्यासाठी चार ॲप असतात, भरतीसाठी एकही नाही. मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. आपले किनारे सपाट, त्यामुळे भरतीला पुळण गायब होते. दुपारचा वारा वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका, जमिनीकडे वाहणारा. म्हणजे भरतीला तुमच्या वाऱ्याखाली, वारा वाहत जातो त्या बाजूला, काय उरतं? सुरूची झाडं, रिसॉर्टची भिंत, विजेच्या तारा. दोऱ्याच वीस-चोवीस मीटरच्या असतात. वाऱ्याखाली निदान शंभर मीटर मोकळं नसेल तर मी बॅग उघडतही नाही. पाहुणे रुसतात, रुसू देत.

हिशोब सोपा आहे, कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन. म्हणजे तृतीया ते पंचमी वारा ऐन भरात आणि पुळण ऐन गायब. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, चारपर्यंत पाणी अर्ध्याहून खाली, जागा मोकळी. मात्र तेव्हा कालवं चिकटलेले खडक उघडे पडतात, तळव्यांची चाळण करतात. बूट घाला. तिथीचं गणित दिवस निवडायला. वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातूनच घ्या.

सकाळच्या गुळगुळीत पाण्याला भुलणं

थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी सपाट, नवशिक्याला स्वर्ग वाटतो. काइट पाण्यात पडली आणि उठली नाही, तर पुढचं स्टेशन ओमान. बचावाची बोट सोबत नसेल तर मतलईवर जायचं नाही, विषय संपला. बोट असली तरी दोऱ्या बारवर गुंडाळून, काइटचं टोक शिडासारखं धरून स्वतः परत कसं यायचं, हे आधी उथळ पाण्यात करून पाहिलेलं हवं.

बाकीच्या, भराभर

काइट धरायला भेळवाल्याला किंवा मेव्हण्याला बोलावू नका, तो ती पतंगासारखी वर उडवतो. मदतनीसाने नुसती सोडायची असते, तेही तुम्ही अंगठा दाखवल्यावर. बारची लाल बाजू डाव्या हाताला. दोऱ्या जोडल्यावर बारपासून काइटपर्यंत एकदा चालत जाऊन बघा. ताणलेली दोरी हातात धरू नका, बोट जाईल. बोर्डला दोरी बांधून ती अंगाला अडकवू नका, बोर्ड उलटा येऊन डोक्यात बसतो. क्विक रिलीजमध्ये वाळू अडकते, प्रत्येक वेळी आधी उघडून बघा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांब राहा, जाळं फाटलं तर कुणाच्या तरी महिन्याच्या कमाईवर पाणी. आणि जुहूला रविवारी संध्याकाळी काइट उघडणाऱ्याशी मला बोलायचंच नाही.

पावसाळ्यात 'भारी वारा' शोधणं

जून-जुलैत मासेमारी बंद, प्रवासी लाँचेस बंद, पाण्यावरचे खेळ बंद. समुद्रावर पोट असलेली माणसं होड्या ओढून घरी बसतात आणि शनिवार-रविवारचा शूर म्हणतो, "आत्ताच तर खरा वारा आहे." नारळी पौर्णिमेपर्यंत माझं सामान घरात असतं. हेच दुरुस्तीचे दिवस. वापराने पुढच्या दोऱ्या मागच्यांपेक्षा जास्त ताणल्या जातात. मग मागच्या आखूड पडतात आणि काइट मागे सरकून पडू लागते. लोक म्हणतात, वारा कमी होता. चारही दोऱ्यांची टोकं गच्चीवर टाकीच्या पाइपला एकत्र अडकवायची, दुसऱ्या टोकाला बार सारखा ताणायचा, बोटभर जरी तिरका झाला तरी पुढच्या जोडीच्या गाठी सरकवून बरोबर करायचा. पाऊस उघडलेला असताना करा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. आमचे अजून विचारतात, एवढे कपडे कुणाचे वाळत घालायचेत.